जंप स्टार्टनंतर पुन्हा उतरणारी बॅटरी : मोटारीतील विद्युत दोषाचा शोध

प्रस्तावना :

दीर्घ सुटीनंतर महाविद्यालयाच्या वाहनतळावर एक दृश्य हमखास दिसते. किल्ली फिरविली की केवळ 'टक्' असा आवाज येतो. मग सहकाऱ्याच्या मोटारीच्या बॅटरीला तारा जोडून इंजिन सुरू केले जाते आणि दोष दूर झाला असे मानले जाते. वस्तुतः जंप स्टार्टने कोणताही दोष दुरुस्त होत नाही. बाहेरून उसनी ऊर्जा घेऊन इंजिन फिरविले जाते, एवढेच. बॅटरी का उतरली हा प्रश्न तसाच राहतो आणि त्याचे उत्तर न शोधता अनेक जण नवी बॅटरी विकत घेतात. ही खरेदी करण्यापूर्वी कोणती मोजमापे करावीत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बॅटरीची स्थिती :

गास्ताँ प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शिसे व गंधकाम्ल यांचा पुन्हा प्रभारित करता येणारा विद्युतघट तयार केला. मोटारीची बॅटरी आजही त्याच तत्त्वावर चालते. तिच्यात प्रत्येकी सुमारे २.१ व्होल्टचे सहा घट असतात. म्हणून काही तास स्वस्थ ठेवलेल्या, पूर्ण भरलेल्या बॅटरीचे विभवांतर सुमारे १२.६ व्होल्ट भरते. १२.२ व्होल्ट म्हणजे साधारणतः निम्मी बॅटरी. १२ च्या बरेच खाली गेल्यास ती जवळजवळ रिकामी समजावी. अशा अवस्थेत ती आठवडेच्या आठवडे पडून राहिली तर पट्ट्यांवरील लेड सल्फेटचे स्फटिक कठीण होतात आणि तिची धारणक्षमता कायमची घटते.

'मोटार पंधरा मिनिटे फिरवून आणा, बॅटरी भरेल' हा सल्ला सर्रास दिला जातो. तो फसवा आहे. बॅटरी भरत जाते तसतशी ती कमी धारा स्वीकारते, त्यामुळे शेवटचा भाग भरण्यास कित्येक तास लागतात. रिकाम्या झालेल्या ३५ ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीस ३ ते ४ ॲम्पिअर धारा देणाऱ्या चार्जरवर रात्रभर ठेवणे हाच योग्य मार्ग होय. पूर्ण भरल्याशिवाय तिची परीक्षा घेणे व्यर्थ आहे.

दोषाचा शोध :

प्रथम टर्मिनल पाहावीत. त्यांवर साचलेल्या क्षारामुळे केवळ ०.०१ ओहम रोध निर्माण झाला, तरी स्टार्टरच्या १५० ॲम्पिअर धारेला १.५ व्होल्टची घट सोसावी लागते. दिव्यांची धारा अल्प असल्याने ते मात्र प्रखर दिसतात, आणि 'दिवे लागतात, म्हणजे बॅटरी व जोडण्या ठीक आहेत' असा चुकीचा निष्कर्ष काढला जातो.

नंतर इंजिन चालू ठेवून बॅटरीवरील विभवांतर मोजावे. ते सामान्यतः १३.८ ते १४.५ व्होल्ट असते. काही नव्या मोटारींत संगणक ते हेतुतः कमी-जास्त करतो. दिवे लावल्यावर ते साडेबाराच्या आसपास येऊन घसरतच राहिले, तर अल्टरनेटर, त्याचा पट्टा किंवा त्याच्या तारा सदोष असण्याचा संभव आहे. चालू इंजिनात बॅटरीची तार काढून अल्टरनेटर तपासण्याची जुनी रीत आज सर्वथा टाळावी. त्या क्षणी विभवांतर एकदम उसळते आणि इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात.

तारा उलट्या जोडल्या गेल्या असतील तर प्रकरण वेगळे होते. अल्टरनेटरमधील डायोड निकामी होऊन मोटार बंद असतानाही त्यातून धारा वाहू लागते. म्हणजे पूर्वी नसलेला दोष जंप स्टार्टनेच निर्माण होतो. म्हणून धन टर्मिनलला धन जोडावे आणि शेवटची ऋण जोडणी उतरलेल्या बॅटरीपासून दूर, इंजिनाच्या उघड्या धातूवर करावी. बॅटरीजवळ ठिणगी पडल्यास तेथील हायड्रोजन पेटू शकतो.

उरतो तो छुपा वापर. मोटार बंद करून, बॅटरीच्या ऋण तारेत मल्टीमीटर १० ॲम्पिअरच्या श्रेणीवर एकसर जोडावा. सर्व संगणकीय भाग निद्रिस्त होण्यास अर्धा-एक तास द्यावा. या अवधीत दार उघडू नये, किल्ली तर मुळीच फिरवू नये. ५० मिलीॲम्पिअरपर्यंतची धारा सामान्य मानली जाते. अर्धा ॲम्पिअर धारा मात्र दिवसाला १२ ॲम्पिअर-तास खाते, म्हणजे ३५ ॲम्पिअर-तासांची बॅटरी तीन दिवसही टिकत नाही. त्यानंतर एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजसरशी धारा कोसळते, त्या मार्गात दोष असतो.

प्रस्तुत लेखकाच्या मोटारीची बॅटरी २०२३ च्या दिवाळी सुटीत उतरली. दुरुस्ती करणाऱ्याच्या सांगण्यावरून नवी घेतली; सलग चार दिवस मोटार उभी राहताच तीही उतरली. तेव्हा कुठे प्रयोगशाळेतील मल्टीमीटर जोडला. धारा ०.४६ ॲम्पिअर होती आणि पेटीतील सर्व फ्यूज काढूनही ती तसूभर हलली नाही. याचा अर्थ वापर फ्यूजपेटीच्या बाहेर होता. मागाहून बसविलेल्या संगीतयंत्राचा ॲम्प्लिफायर थेट बॅटरीला जोडलेला होता व त्याला चालू करणारी तारही कायम प्रवाह असलेल्या तारेत खोवलेली होती. ती सोडविताच धारा ०.०३ ॲम्पिअरवर आली. जुनी बॅटरी तोपर्यंत बदल्यात देऊन टाकली होती. ती खरोखर निकामी झाली होती की नाही, हे तपासण्याची संधी राहिली नाही.