मोटारीचें तेल आणि एक 'किंवा'

विजयादशमीच्या दिवशीं मोटारीस स्नान घालून, चाकांखालीं लिंबें ठेवून व पुढच्या जाळीवर झेंडूची माळ चढवून तिची पूजा करण्याचा परिपाठ आतां घरोघर रूढ झाला आहे. आमच्याही घरीं तो आहे. २०२२ सालच्या दसऱ्यास आम्ही स्वतः मंत्र म्हटले, धाकट्या बंधूंनीं नारळ फोडला, मुलांनीं हळदकुंकू वाहिलें. मात्र त्या यंत्राच्या पोटांत तेल किती उरलें आहे व तें कोणत्या दशेस पोहोंचलें आहे, हें झांकण उघडून पाहण्याची बुद्धि घरांतील अकरा माणसांपैकीं एकासही झाली नाहीं. पुढें आठवड्याभरांत पुण्याहून वाईस जातांना खंबाटकीच्या घाटांत त्याचें फळ मिळालें.

एका वळणावर समोरच्या फलकावरील तेलाच्या झारीचें तांबडें चिन्ह लुकलुकलें व विझलें. गाडी पुतण्या चालवीत होता. मागें आमच्या आत्याबाई व वहिनी बसल्या होत्या. "काका, एवढा घाट चढून मग पाहूं," असें तो म्हणाला, आणि आम्हीही मान डोलावली. घाटमाथा येईपर्यंत तें चिन्ह पेटलें तें पेटलेंच, आणि इंजिनांतून खलबत्त्यांत सुंठ कुटावी तसा आवाज येऊं लागला. गाडी ओढून पुण्यास आणावी लागली. आंतील दांड्यांच्या बेअरिंगा पार झिजल्या होत्या. इंजिनाच्या कामास जी रक्कम लागली, तींत धाकट्या पुतणीच्या वसतिगृहाचें वर्ष निघालें असतें. तें न निघाल्यामुळें त्या मुलीस वर्षभर रोज दोन बसा बदलून कॉलेजांत जा-ये करावी लागली. तिनें तक्रारीचा एक शब्द काढला नाहीं, हें आम्हांस अधिकच लागलें.

तो तांबडा दिवा केवळ तेल कमी झाल्याची सूचना देतो, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः तो तेलाचा दाब गेल्याचा दिवा होय. खालच्या चेंबरांत सांठलेलें तेल पंप शोषून घेतो व फिरत्या दांड्यांपर्यंत पोहोंचवितो. तेथें केसाहूनही पातळ अशा तेलाच्या पडद्यावर धातु अक्षरशः तरंगत असतो. चेंबरांत तेल थोडें उरलें म्हणजे वळणावर तें एका कुशीस जातें, शोषनळीस हवा लागते, दाब पडतो आणि दिवा लुकलुकतो. पडदा फाटून धातूस धातु लागला कीं इंजिन वांचविण्यास फार तर कांहीं मिनिटें हातीं असतात. म्हणून दिवा लागतांच गाडी कडेस घेऊन इंजिन बंद करावें, मग घाट असो वा लग्नाचा मुहूर्त.

घरीं आल्यावर दोष कोणाचा, याचा खल सुरू झाला. बंधूंचें म्हणणें असें कीं, तेल बदलण्यास दहा हजार किलोमीटर व्हावे लागतात आणि आपली गाडी सातच हजार चालली आहे. तें खरें होतें. मागचें तेल मार्च २०२० च्या आरंभीं बदललें होतें. त्याच महिन्याच्या अखेरीस टाळेबंदी आली, गाडी कित्येक महिने अंगणांत उभी राहिली, आणि पुढेंही मंडई, शाळा व दवाखाना एवढाच तिचा संचार उरला. तेव्हां आम्ही गाडीची पुस्तिका काढून चष्मा लावून वाचली. तींत दहा हजार किलोमीटर किंवा बारा महिने, यांपैकीं जें आधीं येईल तें, असा स्पष्ट नियम होता. बंधूंनीं व पुतण्यानें तो 'किंवा' ऐच्छिक समजला होता. आम्ही तर ती पुस्तिका नऊ वर्षांत उघडलीच नव्हती. ज्यानें सारी हयात मुलांस संस्कृतांतील 'च' आणि 'वा' यांचा भेद शिकविण्यांत घालविली, त्याच्या घरांत एका 'वा'नें इंजिन बुडावें, ही गोष्ट सांगावयासही लाज वाटते.

पण गाडी चाललीच नाहीं तर तेल बिघडतें कसें, असा प्रश्न वहिनींनीं विचारला, व तो रास्त होता. एक लिटर पेट्रोल जळलें म्हणजे जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपानें उत्पन्न होतें. त्यांतील बहुतेक धुरावाटे बाहेर जातें. थोडा अंश मात्र पिस्टनच्या कडेनें खालीं चेंबरांत उतरतो, व त्याबरोबर न जळलेलें पेट्रोलही. लांबच्या प्रवासांत इंजिन चांगलें तापून हा ओलावा उडून जातो. दोन किलोमीटरवरच्या मंडईस जाऊन येण्यांत तें तापतच नाहीं. मग पाणी तेलांत राहतें, आम्ल तयार होतें, आणि तेल भरावयाच्या झांकणाखालीं ताकावरच्या लोण्यासारखा पिवळट गाळ धरतो. म्हणून थोडी थोडी चालणारी गाडी सुखांत आहे असें समजूं नये. पुष्कळ पुस्तिकांत अशा वापरास कष्टाचा वापर मानून तेल अधिक लवकर बदलावयास सांगितलेलें असतें.

आमच्या नैयायिकांनीं प्रत्यक्षास पहिलें प्रमाण मानलें आहे; तेलाच्या बाबतींत तें अपुरें पडतें. डिपस्टिक काढून तेल काळें दिसलें कीं "गेलें हें" असें मिस्त्री सांगतो. परंतु चांगल्या तेलांत काजळी धुऊन ती तरंगत ठेवणारीं द्रव्यें मुद्दाम घातलेलीं असतात. त्यामुळें तेल काळें होणें हें त्याच्या कामाचेंच लक्षण होय, आणि डिझेल गाडींत तर तें बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळें होतें. उलट डिपस्टिकवरील पातळी आपोआप चढूं लागली तर पुष्कळांस संतोष वाटतो. तेथें मात्र तेलांत इंधन किंवा पाणी मिसळत असल्याचा संशय घ्यावा. रंग पाहूं नये, पातळी पाहावी. गाडी सपाट जागीं उभी करावी, इंजिन बंद करून पांच मिनिटें थांबावें, काडी पुसून पुन्हा घालावी, आणि तेल दोन खुणांच्या मध्यें आहे कीं नाहीं तें पाहावें. हें महिन्यांतून एकदां केलें असतें तर आमचा घाट सुखरूप पार पडला असता.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत अभ्यंगाचें महत्त्व सांगतांना गाड्याच्या कण्याचा दृष्टांत आला आहे. वंगण घातलेला कणा जसा टिकतो तसें तैलमर्दनानें शरीर टिकतें, असा त्याचा भाव. मोटारी आल्या तेव्हां आरंभीं त्यांच्या व विमानांच्या इंजिनांत आपलें एरंडेलही वापरलें जात असे. १९०९ सालीं निघालेल्या कॅस्ट्रॉल या तेलाचें नांवच मुळीं एरंडेलाच्या इंग्रजी नांवावरून पडलें. एरंडेल फार चिवट, पण तापून चिकटा धरणारें. नेहमीच्या मोटारींतून तें केव्हांच गेलें.

आजच्या डब्यावर ५डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-४० असे अंक असतात. डब्ल्यू म्हणजे वजन, असें आम्ही बरेच दिवस समजत होतों. तें इंग्रजी हिवाळ्याचें अक्षर आहे. पहिला अंक थंड असतां तेल किती सहज वाहतें तें सांगतो, दुसरा १०० अंश सेल्सिअसला तें किती दाट राहतें तें. अमेरिकेंतील एसएई या अभियंत्यांच्या संस्थेनें तेलांचे असे वर्ग १९११ सालापासून पाडावयास आरंभ केला. आपल्याकडे बर्फ पडत नाहीं, तर पहिल्या अंकाशीं काय कर्तव्य, असें म्हणूं नये. सकाळीं इंजिन सुरू होतांच तेल जितकें लवकर वर पोहोंचेल तितकी झीज कमी. "गाडी जुनी, जाड तेल घाला" हा मिस्त्रीचा सल्ला तेल पिणाऱ्या जुन्या इंजिनास क्वचित् लागू पडत असेल. नव्या इंजिनांतील अरुंद वाटांस तो मानवत नाहीं. दुसरी खूण एपीआयच्या अक्षरांची: पेट्रोलच्या तेलास आरंभीं 'एस', डिझेलच्या तेलास 'सी'. पेट्रोलकरितां २०२० सालीं 'एसपी' हा वर्ग आला, व जेथें 'एसएन' सांगितला आहे तेथें तो चालतो. एप्रिल २०२० पासूनच्या बी. एस. ६ डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडविणारी जाळी असते. तिच्यासाठीं कमी राख धरणारें तेलच लागतें, तेथें पुस्तिकेबाहेर एक अक्षरही जाऊं नये.

उरलेलें मोटारीचें तेल पुतण्यानें एकदां काटकसर म्हणून आपल्या मोटारसायकलींत ओतलें आणि तिचा क्लच घसरूं लागला. मोटारसायकलचा क्लच तेलांतच बुडालेला असतो. तिला जेएएसओ 'एमए' खुणेचें तेल हवें. सूनबाईंच्या स्कूटरचा क्लच कोरडा, तिला 'एमबी' चालतें.

तेलाबरोबर तेलाचा फिल्टरही दर वेळीं बदलावा. येथें काटकसर करूं नये. त्यांतील कागद तुंबला म्हणजे एक झडप उघडते व गाळलें न गेलेलें तेल तसेंच इंजिनास जातें. तेल मुळींच न मिळण्यापेक्षां तें बरें, एवढ्याचसाठीं ही योजना आहे. हवेच्या फिल्टरास मात्र ठराविक तिथि नाहीं. सडकेचें काम चाललेल्या भागांत किंवा ऊसगाड्यांच्या धुळींतून रोज जाणें असेल तर तो पुस्तिकेंतील मुदतीच्या आधींच भरतो. कागदी फिल्टर धुवूं नये. उजेडासमोर धरून पाहावा, आणि आरपार उजेड दिसेनासा झाला तर नवा घ्यावा.

आतां किल्ल्यांच्या खुंटीस एक वही टांगलेली आहे. तींत तेल बदलल्याचा दिनांक, किलोमीटर व डब्यावरील अंक लिहितों, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं ती धाकटी पुतणी पातळी पाहून सही करते. हें काम तिनें आपण होऊन मागून घेतलें.

राहतां राहिलें जळकें तेल. गांवाकडे वाळवी लागूं नये म्हणून तें वाशांस फासण्याची चाल आहे. त्या तेलांत कर्करोगास कारण होणारीं द्रव्यें असतात, म्हणून राहत्या घरांत ही चाल सोडावी. गटारांत तर तें मुळींच ओतूं नये. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांप्रमाणें तें नोंदणी झालेल्या पुनःशुद्धीकरणवाल्याकडे जावयास हवें. आम्ही तें जुन्या कॅनमध्यें भरून ज्या गॅरेजांतून तें तिकडे जातें तेथें देतों, आणि नव्या तेलाचा रिकामा डबा भोंक पाडून मगच भंगारांत टाकतों, कारण असे डबे पुन्हा भरून विकणारे लोक आहेत.