घसरण्याची शाळा

अ‍ॅमस्टरडॅमहून सुटलेली गाडी अर्ध्या तासात समुद्राशी येऊन थांबते. पुढे रूळच नाहीत. स्टेशनचं नाव झांडफोर्ट. उन्हाळ्यात डब्यात पाय ठेवायला जागा नसते. टॉवेल, छत्र्या, रडणारी पोरं, कुत्री, सगळा लवाजमा उतरतो आणि किनाऱ्याकडे निघतो. गावाच्या उत्तरेला, वाळूच्या टेकड्यांमधून वळणं घेत जाणारं 4.259 किलोमीटरचं मोटार शर्यतीचं सर्किट आहे. 1948 पासून तिथे शर्यती होतात. समुद्रावरून वारा सुटला की टेकड्यांवरची वाळू उडून थेट ट्रॅकवर येते. थर इतका पातळ असतो की वेगात डोळ्यांना दिसत नाही. टायरला मात्र कळतो, आणि टायरचं म्हणणं चालकाला समजलं तर ठीक, नाहीतर गाडी वळणाबाहेर.

यान लामर्सचा जन्म याच गावातला, 2 जून 1956 चा. डच शर्यतपटू म्हटलं की आता जगाला एकच नाव आठवतं, मॅक्स फर्स्टाप्पन. ते योग्यच आहे. पण हे काम नेमकं असतं काय, हे समजून घ्यायचं तर मला लामर्सची कारकीर्द जास्त उपयोगी वाटते. फर्स्टाप्पन इतका जिंकतो की कामाकडे लक्षच जात नाही. लामर्सने फॉर्म्युला वनमध्ये एकही गुण मिळवला नाही, आणि तरीही तो किती पक्का कारागीर होता हे एका दुपारी सगळ्यांनी पाहिलं.

त्याच्या लहानपणी झांडफोर्टच्या सर्किटवर रॉब स्लोटेमाकर हा शर्यतपटू एक स्लिप स्कूल चालवत असे. म्हणजे गाडी घसरवायची शाळा. ओल्या, गुळगुळीत फरशीसारख्या आवारात साध्या वाहनचालकांना गाडी मुद्दाम घसरवायला लावायची आणि ती सावरायला शिकवायचं. कोवळ्या वयातला लामर्स तिथे गाड्या धुवायच्या कामाला लागला. धुण्यावरून चालवण्यावर आणि चालवण्यावरून घसरवण्यावर यायला अशा ठिकाणी वेळ लागत नाही. (स्लोटेमाकर 1979 मध्ये याच सर्किटवर, शर्यत चालू असताना गेला. एक वळण आता त्याच्या नावाने ओळखलं जातं.)

अशा शाळा नेदरलँड्समध्ये आजही आहेत. इथले पावसाळी रस्ते आणि हिवाळ्यातला बर्फ बघता त्या असाव्यातच. पुण्याहून नोकरीसाठी इकडे आलेले आमचे एक शेजारी अशा शाळेत एक दिवस शिकायला गेले, तेव्हा मी मागच्या सीटवर बसून तमाशा पाहिला. प्रशिक्षक शेजारी. आवारात पाण्याचे फवारे. मागच्या चाकांना मुद्दाम झिजलेले टायर लावलेले. शेजारी ताशी चाळीसच्या आसपास आले, आणि प्रशिक्षकाने काही न सांगता मधला हँडब्रेक ओढला.

गाडीचं शेपूट डावीकडे सुटलं. शेजाऱ्यांनी तेच केलं जे कोणीही करतो: ब्रेकवर पाय दाबला, स्टिअरिंग आवळलं आणि समोर ठेवलेल्या प्लास्टिकच्या शंकूकडे टक लावून पाहिलं. गाडी गोल फिरून बरोबर त्या शंकूवर गेली. प्रशिक्षक शांतपणे म्हणाला, "शंकूकडे बघाल तर शंकूवर जाल. जायचंय तिकडे बघा. हात आपोआप मागे येतात."

दोन-चार गिरक्यांनंतर खरंच हात मागे आले. शेपूट सुटताच पाय उचलायचा, नजर रस्त्याच्या पुढच्या टोकावर ठेवायची, ज्या बाजूला शेपूट चाललंय त्याच बाजूला स्टिअरिंग फिरवायचं. इथवर बहुतेकांना जमतं. खरी अवघड गोष्ट नंतरची. टायरला पकड परत मिळते त्या क्षणी स्टिअरिंग सरळ केलं नाही, तर गाडी पहिल्यापेक्षा जोरात उलट्या बाजूला फेकली जाते. तो क्षण डोळ्यांना दिसत नाही. तो कमरेला कळतो, सीटमधून. ओल्या जमिनीवर टायर किंचाळत नाहीत, त्यांचा नुसता सळसळाट बदलतो. पुढची चाकं सुटली तर स्टिअरिंग एकदम हलकं होतं, मागची सुटली तर आधी पाठीला समजतं. दुपारपर्यंत आमच्या शेजाऱ्यांच्या खांद्यांमधला ताठा गेला होता आणि ते न सांगता गुणगुणायला लागले होते.

शर्यतीत याच्याच वरचा वर्ग चालतो. शर्यतीचा टायर सर्वांत जास्त पकड देतो तो किंचित घसरत असताना. अजिबात घसरत नाही म्हणजे तुम्ही हळू आहात. जास्त घसरला तर टायर तापतो, झिजतो, वेळ जातो. मधल्या त्या बारीक पट्टीत गाडी तासन्‌तास ठेवणं, हे या धंद्याचं मूळ काम. पोडियम, शँपेन वगैरे सगळं त्यानंतर.

लामर्सने 1973 मध्ये सिम्का गाडी चालवून डच टूरिंग कार विजेतेपद मिळवलं, तेव्हा त्याची अठरा वर्षं पूर्ण व्हायची होती. म्हणजे रस्त्यावर गाडी चालवायचा परवाना मिळण्याआधी तो राष्ट्रीय विजेता. (2015 मध्ये फर्स्टाप्पन सतराव्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये उतरला, तेव्हाही हीच गंमत झाली होती.) 1978 मध्ये लामर्स युरोपियन फॉर्म्युला थ्रीचा विजेता झाला, आणि पुढच्याच वर्षी शॅडो संघातून फॉर्म्युला वनमध्ये.

तिथली गोष्ट झटपट सांगून टाकावी अशीच आहे. शॅडो, एटीएस, एन्साइन, थिओडोर, सगळे कडेला टेकलेले संघ. एकूण 41 वेळा नाव दिलं, त्यातल्या 23 शर्यती प्रत्यक्ष सुरू करता आल्या. उरलेल्या वेळी बहुतेकदा गाडी पात्रता फेरीतच मागे पडली. एकच दिवस वेगळा होता. 1980 च्या लाँग बीचला त्याने एटीएससारखी गाडी चौथ्या क्रमांकावर उभी केली. भिंतींमधून वाकडेतिकडे जाणारे शहरातले रस्ते, उंचसखल डांबर. अशा ठिकाणी इंजिनापेक्षा हात जास्त बोलतात. शर्यत सुरू झाली आणि पहिल्याच फेरीत चाकांकडे ताकद नेणारा शाफ्ट तुटला. 1982 मध्ये डेट्रॉइटला सरावात अंगठा मोडला. त्याच वर्षी झांडफोर्टला, घरच्या मैदानावर, तो फॉर्म्युला वनची शर्यत धावला, आणि पुढची धावायला मिळाली ती थेट ऑक्टोबर 1992 मध्ये, जपानला. मधे दहा वर्षांहून जास्त काळ.

त्या दहा वर्षांत तो लांब पल्ल्याच्या शर्यतींकडे वळला, आणि माझ्या मते तिथेच त्याला त्याचं खरं काम सापडलं. फॉर्म्युला वनमध्ये गाडी दोन तास टिकली की पुरे. फ्रान्समधल्या ल माँला ती चोवीस तास टिकवायची असते, तीही तिघांत वाटून. आपल्या हातून निघालेली गाडी पुढच्या माणसाला धडधाकट मिळाली पाहिजे. पिटमध्ये सीट बदलणं, पट्टे बांधणं, पाण्याची नळी जोडणं, हे सगळं इंधन भरेपर्यंत उरकायचं. लामर्स बुटका, त्यामुळे साथीदारांच्या मापाच्या खोबणीत त्याचं भागणं अवघडच. वेगाचा अहंकार इथे थोडा बाजूला ठेवावा लागतो. तुमच्या एका सेकंदासाठी क्लच जाळलात, तर पहाटे तीनला दुसरा कोणीतरी त्याची किंमत मोजतो.

1988 च्या जूनमध्ये ल माँला जग्वारने पाच गाड्या उतरवल्या. सात लिटरचं बारा सिलिंडरचं इंजिन, जांभळी-पांढरी गाडी, मागे टॉम वॉकिन्शॉचा संघ. समोर पोर्शे, जी 1981 पासून सलग सात वर्षं जिंकत होती. त्या वेळी तिथल्या मुलसान नावाच्या जवळपास सहा किलोमीटरच्या सरळ रस्त्यावर वेग तोडणारी वळणं अजून घातलेली नव्हती. त्याच वर्षी एका फ्रेंच गाडीने तिथे ताशी 405 किलोमीटर गाठले. दोन क्रमांकाच्या जग्वारमध्ये लामर्स, जॉनी डम्फ्रीज आणि अँडी वॉलेस. पोर्शेच्या मुख्य गाडीत हान्स श्टुक, डेरेक बेल आणि क्लाउस लुडविग. सुरुवातीच्याच तासांत लुडविगने इंधनाचा अंदाज ताणला, टाकी कोरडी पडली आणि गाडी स्टार्टर मोटरच्या जिवावर कशीबशी पिटपर्यंत आणावी लागली. शेवटी जे अंतर उरलं, त्यात या धापा टाकण्याचा वाटा मोठा होता.

रात्री जग्वारची एक गाडी गिअरबॉक्स गेल्यामुळे बाद झाली. कशी गेली, हे संघातल्या सगळ्यांना ठाऊक झालं होतं. रविवारी दुपारी, शेवटच्या तासात, पहिल्या क्रमांकावर असलेल्या गाडीत लामर्स बसलेला. पोर्शे त्याच फेरीत मागे. आणि गिअरच्या दांड्यातून त्याला काहीतरी वेगळं जाणवलं.

घाट चढणाऱ्या जुन्या एसटीतला मुरलेला ड्रायव्हर आठवा. तळहात दांड्यावर नुसता टेकवलेला, आणि कुठलं चक्र कुरकुरतंय हे त्याला मेकॅनिकच्या आधी माहीत. लामर्सने तेच ओळखलं, आणि हात काढून घेतला. गाडी चौथ्यात होती, ती चौथ्यातच ठेवली.

हे ऐकायला सोपं वाटतं. गिअरबॉक्समधल्या शाफ्टला खरा दणका बसतो तो गिअर बदलताना: क्षणभर ताकद तुटते, पुन्हा जोडली जाते, त्या झटक्यात तडा गेलेलं लोखंड तुटतं. गिअर बदललाच नाही तर झटकाच नाही. पण ल माँच्या एका फेरीत मुलसानच्या टोकाचं वळण आहे, आर्नाजचं आहे. तिथे गाडी इतकी मंदावते की पहिल्या-दुसऱ्या गिअरची गरज लागते. चौथ्यात तिथून निघायचं म्हणजे इंजिन गुदमरतं. बारा सिलिंडरच्या मोठ्या इंजिनाची खालच्या फेऱ्यांवरची ओढ इथे कामी आली. छोटं टर्बो इंजिन असतं तर कदाचित बंदच पडलं असतं. शिवाय अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबायचा नाही, कारण तोही झटकाच. वळणात वेग जितका जास्त राखता येईल तितका राखायचा, म्हणजे बाहेर पडताना इंजिनाला कमी ओढावं लागेल. आणि वळणात वेग राखायचा म्हणजे घसरण्याच्या त्या बारीक पट्टीत राहायचं. सरळ रस्त्यावर पाचवा नाही, त्यामुळे तिथे वेळ जाणार हे कबूल. मागचा पोर्शेवाला जवळ येतोय हे माहीत असूनही घाई करायची नाही.

जग्वार जिंकली. 394 फेऱ्या, 5,332 किलोमीटर, आणि पोर्शे अडीच मिनिटांच्या आसपास मागे. 1957 नंतर जग्वारचा हा पहिलाच ल माँ विजय, त्यामुळे आलेले हजारो इंग्रज प्रेक्षक कुंपणं ओलांडून ट्रॅकवर. एक योगायोग मला फार आवडतो. ल माँला सर्वाधिक अंतर कापण्याचा तेव्हाचा विक्रम 1971 चा होता, 5,335 किलोमीटरचा, आणि तो पोर्शे चालवून करणाऱ्या जोडीतला एक जण डच होता, गीस फान लेनेप. लामर्सची गाडी त्या विक्रमापासून तीन किलोमीटरच्या आत राहिली. पाचवा गिअर हाताशी असता तर काय झालं असतं, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

1990 मध्ये त्याने जग्वारमधूनच डेटोनाची चोवीस तासांची शर्यतही जिंकली. पण या धंद्यात जिंकणं पोट भरायला पुरत नाही. इथे गाडीत बसायचे पैसे मिळवण्यापेक्षा द्यावेच लागतात, ही उघड गोष्ट आहे. लामर्सने त्यावर काढलेला तोडगा अस्सल डच व्यापाऱ्याला शोभेल असा होता. त्याने रेसिंग फॉर हॉलंड हा संघ उभा केला. एक मोठा प्रायोजक मिळेना, तर गाडीच चौकटीचौकटींची रंगवली, बुद्धिबळाच्या पटासारखी, आणि एकेक चौकोन विकायला काढला. छोट्या कंपन्यांनाही परवडेल असा तुकडा. लोकांनी घेतले. त्या चौकटीचौकटींच्या डोम गाडीने 2002 आणि 2003 अशी दोन वर्षं एफआयएची स्पोर्ट्सकार मालिका जिंकली, आणि ल माँच्या अंधारातही ती लांबून ओळखू यायची. चौकोन विकत घेणाऱ्यांसाठी हे सोयीचंच होतं.

पुढे तो डाकार रॅलीत ट्रकही चालवून आला. 2021 मध्ये झांडफोर्टला फॉर्म्युला वन परतलं, तेव्हा डच ग्रां प्रीचा क्रीडा संचालक म्हणून तोच तिथे होता. सर्किटची दोन वळणं आता अठरा अंशांच्या आसपास कललेली आहेत, एखाद्या वाटीच्या कडेसारखी, त्यामुळे गाड्या जास्त वेगाने वळतात; त्यांपैकी शेवटच्या वळणाला आरी लाउएनडाइक या आणखी एका डच शर्यतपटूचं नाव दिलं आहे. 2026 नंतर ही शर्यत थांबवायचं आयोजकांनी आधीच जाहीर केलं आहे.

2018 मध्ये, बासष्टाव्या वर्षी, लामर्स पुन्हा ल माँला उतरला, रेसिंग टीम नेदरलँडच्या गाडीतून. साथीला फ्रिट्स फान एर्ड आणि खिडो फान डेर खार्डे. 1988 पासून बरोबर तीस वर्षं झाली होती. या गाडीत गिअरचा दांडाच नव्हता. स्टिअरिंगच्या मागे दोन पट्ट्या, बोटाने ओढायच्या. चुकीच्या वेळी खालचा गिअर मागितला तर संगणक तो देतच नाही. गिअरबॉक्सचं तापमान, दाब, सगळं पिटमधल्या पडद्यावर दिसतं, आणि बिघाड चालकाच्या आधी इंजिनिअरला कळतो. टायरच्या पकडीचं मात्र अजून तसं झालेलं नाही. पावसाची सर आली की रेडिओवरून इंजिनिअरच चालकाला विचारतो, रस्ता कसा आहे?