पथारीवरचं ऊन आणि ‘क’ जीवनसत्त्व

हिवाळ्यात नंदुरबारच्या मिरची पथारींवरून जाताना आधी ठसका लागतो, मग नजर पोचेल तिथवर लाल रंग दिसतो. त्या लालीच्या कडेला दिवसभर उन्हात बसून बाया देठ खुडतात. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची सून त्यांतलीच. गालांवर वांगाचे डाग. परवा तिनं विचारलं, “नाना, ‘क’ जीवनसत्त्वाची बाटली मिळते म्हणे. लावली तर वांग जाईल का?” बाटलीची किंमत म्हणजे तिची कित्येक दिवसांची मजुरी. उत्तर जबाबदारीनं देणं भाग होतं.

गंमत पाहा, या जीवनसत्त्वाचं मिरचीशी जुनं नातं आहे. हंगेरीतल्या सेगेद शहरात आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी ते लाल पाप्रिका मिरचीतूनच मोठ्या प्रमाणात वेगळं केलं. १९३७ साली त्यांना नोबेल मिळालं. मात्र हवा आणि उष्णता त्याला सोसत नाही. मिरची वाळताना ते बरंचसं नष्ट होतं, आणि बाटलीतलं द्रावण तपकिरी झालं की तेही निकामी समजावं.

त्वचाही सहज दार उघडत नाही. शेल्डन पिनेल आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये डुकरांच्या त्वचेवर दाखवलं, की द्रावण चांगलंच आम्लधर्मी असेल तरच ते आत शिरतं, आणि २० टक्क्यांपुढे प्रमाण वाढवून लाभ नाही. म्हणून कुणी लिंबू चोळू नये. लिंबाचा रस लावून उन्हात बसलं तर कातडी भाजते.

वांगावरची २००४ ची मेक्सिकोतली चाचणी मला प्रामाणिक वाटली. सोळा बायका; चेहऱ्याच्या एका बाजूला ५ टक्के ‘क’, दुसरीला हायड्रोक्विनोन हे डाग फिके करणारं जुनं औषध. जुन्या औषधानं पंधरा जणींना चांगला गुण आला, ‘क’नं दहा जणींना. पण जुन्यानं अकरा जणींना त्रास झाला, ‘क’नं एकीलाच. सोळा खात्यांवरून शाखेचा ताळेबंद मी बँकेत कधी मांडला नसता, तरी नोंद खोटी नाही. आणि त्या सगळ्या जणी रोज ऊन अडवणारं मलम लावत होत्या.

“म्हणजे आधी ऊन टाळ, पोरी. आणि दुकानातली गोरं करणारी मलमं नकोत. त्यांत स्टेरॉइड असू शकतं. डॉक्टरांना दाखव.”

“नाना, छत्री धरून देठ कसं खुडू?”

ऊन लागतं ते मिरची वाळायला, देठ खुडायला नव्हे. खुडणाऱ्यांपुरती हिरवी जाळी ताणायला किती खर्च येईल, ते काल बाजारात विचारून आलो आहे.