घाटात डिझेल, सपाटीला पेट्रोल

अमेरिकेतल्या कोलोरॅडोत आय-७० महामार्ग आयझेनहॉवर बोगद्यापाशी सुमारे ३,४०० मीटर उंची गाठतो. तिथली हवा इतकी विरळ, की टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची जवळपास ३० टक्के ताकद जाते. ट्रकमागे तीन-चार टनांचा कॅम्पर, म्हणजे राहण्याची सोय असलेला ट्रेलर, असेल तर गिअर खाली येतो, इंजिन किंचाळू लागतं आणि गाडीतली मंडळी गप्प होतात. टर्बो डिझेल मात्र कमी आरपीएमलाच जोर लावतं.

खरी परीक्षा उताराला. डिझेल ट्रकमधला एक्झॉस्ट ब्रेक धूर बाहेर पडायची वाट आवळतो. वेग इंजिनच रोखतं, चाकांचे ब्रेक फारसे तापत नाहीत. पण डिझेल इंजिन जड, महाग, देखभालीलाही खर्चिक. वर्षातून दोनदाच, तेही सपाट मुलखात कॅम्पर ओढायचा असेल, तर पेट्रोल ट्रकच घ्यावा.