साडेसदतीस ते चाळीस : विम्याच्या कलमात अडकलेले वजन

यवतमाळ म्हटले की कापूस, कर्ज आणि कुपोषण आठवते. इथे लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेचा विमा हा विषय अनेकांना चैनीचा वाटेल. पण अतिवजन आणि मधुमेह शहराची वेस पाळत नाहीत, आणि नागपूरला जाऊन स्वतःच्या खिशातून ही शस्त्रक्रिया करून घेणे सामान्य कुटुंबाला झेपत नाही. म्हणून पॉलिसीतले हे कलम मी मुळातून वाचले.

पूर्वी बहुतेक पॉलिसींत लठ्ठपणावरचे उपचार सरसकट वगळलेले असत. सप्टेंबर २०१९ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने वगळणुकीच्या कलमांची भाषा ठरवून दिली. जुन्या पॉलिसींनाही ती ऑक्टोबर २०२० पासून लागू झाली. आपल्या पॉलिसीत ‘एक्ससीएल ०६’ हा संकेतांक शोधावा. त्यातल्या अटी अशा : शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि वैद्यकीय निकषांना धरून हवी, वय किमान १८ हवे, आणि बीएमआय ४० किंवा जास्त हवा. तो ३५ असला तरी चालतो. पण मग सोबत लठ्ठपणातून आलेला हृदयस्नायूंचा विकार, हृदयधमनीविकार, तीव्र स्लीप ॲप्निया किंवा आटोक्यात न येणारा टाइप २ मधुमेह यांपैकी एक हवा, आणि साधे उपाय करूनही वजन उतरलेले नसावे.

अडचण इथेच आहे. भारतीयांना कमी वजनातच मधुमेह गाठतो, म्हणून आपल्याकडच्या शल्यचिकित्सकांनी ३७.५ आणि सहव्याधी असल्यास ३२.५ अशी मर्यादा मानली. बीएमआय म्हणजे किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. १६० सेंटिमीटर उंचीच्या बाईचे वजन ९६ किलो असेल, तर तो बरोबर ३७.५ येतो. या निकषाने ती शस्त्रक्रियेस पात्र ठरते. मात्र त्या चारपैकी एकही आजार नसेल, तर विम्यासाठी तिचे वजन १०२.४ किलो हवे. म्हणजे आणखी ६.४ किलो वाढेपर्यंत थांबा! शिवाय ज्या गुडघ्यांमुळे तिला रानात वाकता येत नाही, ते गुडघे त्या यादीत नाहीतच. रक्तदाबही नाही.

‘साधे उपाय फसले’ हे सिद्ध करायला कागद लागतो, आणि गावाकडे नेमका तोच नसतो. म्हणून प्रत्येक तपासणीत उंची, वजन आणि तारीख लिहून घ्यावी. आहाराच्या सल्ल्याच्या चिठ्ठ्या, एचबीए१सीचे अहवाल आणि झोपेची तपासणी झाली असल्यास तिचा अहवाल जपावा. प्रतीक्षा कालावधी आणि या शस्त्रक्रियेसाठीची रकमेची मर्यादा आधीच पाहावी. विमा घेताना मधुमेह लपवू नये. तीच लपवणूक पुढे दावा बुडवते.

दावा नाकारला गेला, तर कोणत्या कलमाखाली ते लेखी मागावे. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जावे. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालांकडे तक्रार करता येते. तिथे शुल्क नाही, वकीलही लागत नाही.

कलम बदलणे आपल्या हाती नाही. पण त्या कलमापुढे ठेवायचा कागद आजपासून जमवणे नक्कीच आहे.