टॅटिंग : शटल आणि दोऱ्याची लेस शिकताना गाडी नेमकी कुठे अडते?

असा एखादा व्हिडिओ तुमच्याही समोर आला असेल. डाव्या हाताच्या बोटांभोवती दोरा, उजव्या हातात होडीच्या आकाराची इवलीशी वस्तू. ती सरसर आत-बाहेर फिरते आणि बघता बघता नाजूक लेस तयार होते. ना विणायच्या सुया, ना मशीन! या कलेला म्हणतात टॅटिंग.

बघायला सोपं वाटतं म्हणून लोक उत्साहाने साहित्य आणतात, पण बरेच जण पहिल्याच कडीला हात टेकतात. "आपल्या हातात कलाच नाही" असं म्हणत दोरा कपाटात जातो. मंडळी, दोष तुमच्या हाताचा नसतो. टॅटिंगमध्ये एक छोटीशी हालचाल आहे, ती व्हिडिओत जवळपास दिसतच नाही. आज तीच समजून घेऊया.

टॅटिंग म्हणजे नेमकं काय?

क्रोशामध्ये आपण दोऱ्याच्या फासातून दुसरा फास ओढतो. म्हणूनच टोक ओढलं की सगळं विणकाम सुर्रकन उसवतं. टॅटिंगमध्ये मात्र एका दोऱ्यावर दुसऱ्या दोऱ्याच्या गाठी ओवलेल्या असतात. त्यामुळे ही लेस पटकन उसवत नाही आणि रुमालाच्या कडेला लावली तर भरपूर धुणी सोसते. याचाच तोटा म्हणजे चुकलेली गाठ सोडवायला सुईचं टोक आणि भरपूर संयम लागतो.

ज्या वस्तूवर दोरा गुंडाळतात ती म्हणजे शटल. हातमागावरच्या धोट्याची चिमटीत मावणारी धाकटी बहीणच म्हणा ना! तुर्की भाषेत या लेसच्या नावातच 'मेकिक', म्हणजे धोटा, आहे. फ्रेंचमध्ये हिला 'फ्रिव्होलिते' म्हणतात, तर इटालियनमध्ये 'कियाक्किएरिनो'. या इटालियन नावाचं नातं गप्पा मारण्याशी आहे.

युरोपात एकोणिसाव्या शतकात टॅटिंगची मोठी हौस होती. लंडनच्या एलिओनोर रिएगो द ला ब्रांशार्दिएर यांनी त्या शतकाच्या मध्याला टॅटिंगचे नमुने छापून लोकांपर्यंत पोहोचवले. १८८६ मध्ये आलेल्या तेरेझ द दिलमाँ यांच्या शिवणकामाच्या प्रसिद्ध ज्ञानकोशातही टॅटिंगचे धडे आहेत.

खरी गोम : गाठ 'पलटणं'

१. डाव्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत दोरा धरा. तो बाकीच्या बोटांवरून फिरवून पुन्हा चिमटीत आणा. हाताभोवती एक वर्तुळ तयार होईल.

२. उजव्या हातातलं शटल या वर्तुळाच्या दोऱ्याखालून न्या आणि वरून परत आणा.

३. आता नीट बघा. शटलच्या दोऱ्याने वर्तुळाच्या दोऱ्याला वेढा घातलाय. आपल्याला हवंय याच्या बरोबर उलट! म्हणून डाव्या हाताची बोटं सैल सोडा आणि शटलचा दोरा ताणून सरळ करा. वेढा टुणकन उडी मारून दुसऱ्या दोऱ्यावर जाईल.

४. शटलचा दोरा ताणलेलाच ठेवा आणि डावं मधलं बोट हळूच उचला. गाठ सरकत चिमटीपाशी येईल. ही झाली अर्धी गाठ.

५. उरलेल्या अर्ध्या गाठीसाठी शटल दोऱ्यावरून न्या, खालून परत आणा आणि पुन्हा तसंच पलटवा. दोन अर्ध्या मिळून एक 'डबल स्टिच' होते.

तिसरी पायरी हीच सगळ्या कलेची किल्ली. व्हिडिओत आपली नजर शटलवर असते आणि खरं काम तर डाव्या हाताच्या सैल पडण्यात असतं! गाठ पलटली नाही तर ती जागीच आवळते आणि कडी बंद होत नाही. म्हणून प्रत्येक गाठीनंतर शटलचा दोरा थोडा ओढून बघा. गाठींच्या आतून दोरा सरकला तर सगळं बरोबर आहे. अडकला तर तिथेच थांबा. वीस गाठींनंतर कळण्यापेक्षा पहिल्या गाठीला कळलेलं बरं.

दुसऱ्याला शिकवायचं असेल तर?

ज्याचा हात बसलाय तो गाठ इतक्या सहज पलटवतो की आपण काही वेगळं करतोय हे त्याच्या लक्षातही येत नाही. "हे बघ, असं" म्हणून भागत नाही ते यामुळेच. मग काय करायचं?

● पहिल्या दिवशी बारीक दोरा देऊ नका. जाड सुती दोरा द्या, म्हणजे गाठ डोळ्यांना दिसेल. क्रोशाच्या दोऱ्याचा नंबर जितका मोठा, तितका दोरा बारीक. १० नंबरने सुरुवात करा, ४० नंतर.

● दोन रंग वापरा. शटलवर लाल दोरा, हातावर पांढरा, दोघांची टोकं एकत्र बांधलेली. गाठी पांढऱ्या दिसल्या तर पलटल्या. लाल दिसल्या तर नाही. चूक कुठे झाली हे शिकणाऱ्याला स्वतःलाच दिसतं, कुणी रागवायची गरज उरत नाही.

● समोर नाही, शेजारी बसा. समोरून सगळं उलटं दिसतं. शिकणारी व्यक्ती डावखुरी असेल तर मात्र समोरच बसा, म्हणजे आरशासारखं बघून करता येईल.

● पहिल्या दिवशी फूल-पाकळीचा हट्ट नको. गाठ सरकली की त्या दिवसाचं काम झालं.

एवढं करूनही जमलं नाही तर लांब, बोथट सुईवरचं टॅटिंग करून बघा. त्यात गाठी थेट सुईवर चढवतात, त्यामुळे पलटवावं लागत नाही. लेस किंचित सैल होते, एवढाच फरक.

गाठ जमली की पुढे काय?

पुढे बहुतेक मोजणीच असते. दोन गाठींमध्ये थोडी जागा सोडून त्या जवळ सरकवल्या की दोऱ्याचा छोटा फुगीर फास तयार होतो, त्याला 'पिको' म्हणतात. (साडीच्या पिको-फॉलमधला शब्द तोच बरं का!) नमुन्यात ५-५-५-५ लिहिलं असेल तर पाच गाठी, एक पिको, पुन्हा पाच, असं करत २० गाठी आणि तीन पिको होतात. शेवटी शटलचा दोरा ओढला की कडी बंद. शेजारची कडी याच पिकोत अडकवून जोडतात.

आता जरा हिशेब करा. २० गाठींची एक कडी म्हणजे ४० वेळा पलटवणं. रुमालाच्या कडेला अशा १०० कड्या लागल्या तर ४००० वेळा! प्रदर्शनात हाताने केलेल्या टॅटिंगच्या कानातल्यांची किंमत ऐकून "एवढ्याशा दोऱ्याचे इतके पैसे?" असं म्हणण्याआधी हा आकडा आठवा.

तुमच्या घरात आई, आजी किंवा मावशीला टॅटिंग येतं का? येत असेल तर एकदा शेजारी बसून त्यांचा डावा हात बघा. आणि ज्या मैत्रिणीचा दोरा कपाटात पडलाय, तिला हा लेख नक्की पाठवा!