मोहफूल : मोल ठरते सकाळच्या काही तासांत

मार्च-एप्रिलमध्ये अहेरी-आलापल्लीच्या जंगलात कामाचा दिवस उजाडण्याआधीच सुरू होतो. रात्रभर गळालेली फिकट पिवळी मोहफुले वेचायला लोक टोपल्या घेऊन झाडाखाली पोहोचतात. हे फूल म्हणजे निसर्गाने भरलेली साखरेची कुपी. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते. या साखरेचे पुढे काय होणार, हे मात्र पहिल्या काही तासांतच बरेचसे ठरते.

द्राक्षाचे उदाहरण घेतले तर हे लवकर समजेल. नाशिक परिसरात वाइनची द्राक्षे साधारण जानेवारी ते मार्चमध्ये तोडतात. उत्तम रेड वाइनसाठी साखर, आंबटपणा आणि सालीतला तुरटपणा यांचा मेळ बसला की नेमक्या दिवशी तोडणी होते. सडके मणी बाजूला काढले जातात. मग साल रसातच ठेवून तो आंबवतात, कारण वाइनचा लाल रंग आणि तुरटपणा सालीतून येतो. यीस्ट नावाची सूक्ष्म बुरशी साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते. त्यानंतर वाइन पिंपात मुरते. मळ्यात माल बिघडला, तर पिंपात तो सुधारत नाही.

मोहफुलालाही हाच नियम लागू आहे. ताज्या फुलात पाणी भरपूर, साखरही भरपूर. त्यामुळे ते ढिगात पडून राहिले की हवेतले यीस्ट आणि जिवाणू लगेच कामाला लागतात. फूल काळवंडते, आंबूस वास येतो. जमिनीवरची माती आणि पालापाचोळा चिकटला की बिघाड आणखी वाढतो. असे फूल खाण्याच्या पदार्थात चालत नाही. मग त्याला एकच वाट उरते, भट्टीची.

गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे. चोरून गाळलेल्या दारूत अल्कोहोल किती, त्यात काय मिसळले, याची तपासणी होत नाही. नवसागरासारखे पदार्थ घातले जातात, आणि मिथेनॉल मिसळले गेले तर दृष्टी किंवा जीवही जाऊ शकतो. महागडी रेड वाइनही औषध नव्हे. अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट केले. अल्कोहोल कर्करोगालाही कारणीभूत ठरते.

फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. तीच आग पसरून वणवा होतो आणि मोहाची रोपेही होरपळतात. आजची झाडे म्हातारी होतील, तेव्हा त्यांची जागा घेणारे कोणी उरत नाही. त्यावरचा उपाय साधा आहे. फांद्यांखाली जमिनीपासून थोडी उंच जाळी बांधायची. फूल जाळीत पडते, माती लागत नाही, पाचोळा जाळावा लागत नाही आणि वाकून वेचण्याचे कष्टही वाचतात. नंतर फुले स्वच्छ कापडावर किंवा ताडपत्रीवर पातळ पसरून, कडक वाळवून कोरड्या जागी ठेवायची.

अशा स्वच्छ फुलाचे लाडू होतात, ते भाजून खाता येते, पिठात मिसळून भाकरही करता येते. टंचाईच्या दिवसांत कित्येक आदिवासी घरांना या फुलाने तारले आहे. मधुमेह असलेल्यांनी मात्र जपून खावे, कारण त्यातली गोडी साखरेचीच आहे.

ती साखर यीस्टने खायची की माणसाने, हे ठरवण्याची संधी झाडाखालीच मिळते. हंगाम हातचा गेला, की पुढच्या संधीसाठी वर्षभर थांबावे लागते.